गोळ्या तीन, आराम एकीचाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरावर आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच एक लेख येऊन गेला. लेखात चूक काढण्यासारखं काही नाही. जठराला व्रण, मूत्रपिंडावर ताण, यकृताला इजा, सगळं ओळीनं मांडलंय. तरीही तो वाचून आमच्या इमारतीतला एकही माणूस अर्धी गोळीसुद्धा कमी घेणार नाही, हे मी लिहून देते. लालबागला एका मेडिकलच्या काउंटरमागे मी १९९० ते २०२१ अशी एकतीस वर्षं उभी होते. भीती घालून दुखणाऱ्या माणसाची गोळी सुटत नाही. गुडघा आज रात्री ठणकणार आहे आणि किडनी बिघडलीच तर कधीतरी बिघडेल. हा सौदा तो डोळे मिटून करतो. माझा गुडघा असता तर मीही केला असता.

पण या सौद्यातली खरी फसगत त्याला कुणी सांगत नाही. दुसरी आणि तिसरी गोळी त्याला आज रात्रीसुद्धा काही देत नाही. किडनी गहाण टाकून तो जे विकत घेतोय, ते त्या पाकिटात नाहीच.

डी. फार्म.ला आम्हाला याचा एक आलेख होता. आडव्या रेषेवर औषधाचा डोस, उभ्या रेषेवर परिणाम. रेघ आधी हळू चढते, मग झपाट्यानं, आणि एका उंचीला आडवी होते. तिथून पुढे डोस कितीही वाढवा, रेघ वर जात नाही. याला सीलिंग इफेक्ट म्हणतात, सीलिंग म्हणजे छत. परीक्षेत चार मार्कांना यायचा. तो आलेख मला घोटून पाठ होता, आणि त्याचा अर्थ मला कळला २०१८ साली, तात्यांमुळे.

तात्या आमच्याच मजल्यावरचे. बेस्टमध्ये कंडक्टर होते, बरीचशी नोकरी डबलडेकरवर. दिवसातून पन्नास वेळा तो वळणाचा जिना चढायचा, उतरायचा. निवृत्त झाले तेव्हा दोन्ही गुडघे कुरकुरत होते. २०१८च्या ऑगस्टमध्ये, गणपती पंधरा दिवसांवर असताना, उजवा गुडघा सुजला. मंडळात दरवर्षी रांगेतल्या लोकांना पाणी वाटायचं काम त्यांच्याकडे, ते सोडायची तयारी नव्हती. मेडिकलमध्ये आले आणि आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची कॉम्बिनेशन गोळी मागितली. एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५. मुंबईत ती शेंगदाण्यासारखी खपते.

मी दिली. "काही खाऊन घ्या हं तात्या, पोटाला त्रास होतो," एवढं म्हटलं. पुढच्या सहा दिवसांत ते माझ्याकडून तीन पाकिटं घेऊन गेले. गणपतीच्या आधीची गर्दी, काउंटरवर तीन-तीन रांगा, मी हात पुढे करून देत गेले. समोरच्या मेडिकलमधून आणखी दोन घेतली, ते नंतर कळलं.

सातव्या दिवशी सकाळी करी रोड स्टेशनच्या पुलावर तात्यांना घेरी आली. शौचाला दोन दिवस डांबरासारखी काळी होत होती, ते त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. इस्पितळात हिमोग्लोबिन सातवर आलेलं, दुर्बीण घातली तर जठरात व्रण आणि त्यातून रक्त. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही वाढलेलं. त्यांची बीपीची गोळी टेल्मिसार्टनची, तिच्यातच लघवीची गोळी मिसळलेली. या जोडीत आयबुप्रोफेनची भर पडली की किडनीवर तिन्ही बाजूंनी दाब येतो. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. डॉक्टरांनी विचारलं, रोज किती घेत होता? काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून रिकामी पाकिटं खाटेवर ओतली. सकाळी दोन, दुपारी तीन, रात्री तीन. मी तिथंच उभी राहून मनात गुणाकार केला. दिवसाला ३२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन. ब्रिटन-अमेरिकेत चिठ्ठीशिवाय घ्यायची दिवसाची मर्यादा १२०० आहे. ३२०० हे संधिवाताच्या रुग्णाला डॉक्टर नजरेखाली ठेवून देतात त्याचं शेवटचं टोक. पॅरासिटामॉल भरत होतं २६००, म्हणजे दिवसाच्या चार ग्रॅमच्या मर्यादेच्या आत राहिलं. तेवढं नशीब.

घरी आल्यावर भेटायला गेले. मला वाटलं, ओशाळे असतील. ते चिडलेले होते, आणि माझ्यावरच.

"ताई, तुम्ही पोट बिघडेल म्हणालात. पोटाचं काय, म्हटलं बघू. पण एकीनं जेवढं थांबतं तेवढंच तिघींनी थांबतं, हे कुठं बोललात? तसं म्हणाला असतात तर एक रुपया जास्त घातला नसता मी."

मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. कंडक्टर माणूस, दहा पैशांचा हिशेब रात्री जुळवल्याशिवाय डेपोतून निघाला नाही कधी. त्याला मी तोटा सांगितला आणि नफा शून्य आहे हे सांगायचं विसरले.

आता यातलं शास्त्र सांगते, माझ्या भाषेत. दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार करतं, त्यानं दुखण्याची तार जास्त झणझणते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन ही मंडळी ते रसायन तयार करणारं एन्झाइम अडवतात. जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवलं, १९८२चं नोबेल त्यांना त्या कामातूनच मिळालं. एन्झाइम जवळजवळ सगळं अडलं, की आणखी अडवायला उरतं काय? चाळीतला पाण्याचा नळ आठवा. पहाटे दोन आटे फिरवला की जी धार लागते तीच पूर्ण धार. पुढे कितीही फिरवा, पाणी महापालिका सोडेल तेवढंच येणार. वायसर मात्र झिजतो. जठराचं अस्तर जपणारं आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारं रसायनही हेच, त्यामुळे झीज तिथं होते, आणि ती डोसाबरोबर वाढतच जाते. दुखण्याची रेघ आडवी झाली म्हणून त्रासाची रेघ थांबत नाही.

साध्या दुखण्याला आयबुप्रोफेनची ही आडवी रेघ एका वेळी ४०० मिलिग्रॅमच्या आसपास लागते. तात्या आजारी पडले त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका इस्पितळातला प्रयोग छापून आला. आपत्कालीन विभागात आलेले २२५ रुग्ण, तीन गट, कुणाला ४००, कुणाला ६००, कुणाला ८००. तासाभरानं तिन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं. २०१७ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी केटोरोलॅक या वेदनाशामकाच्या इंजेक्शनचं असंच पाहिलं होतं. २४० रुग्ण, शिरेतून १०, १५ आणि ३० मिलिग्रॅम. दहानं जेवढं थांबलं तेवढंच तिसानं.

गंमत अशी की आयबुप्रोफेन शोधणारे स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स स्वतः या मोहातून सुटले नव्हते. मित्रांबरोबर रात्र झालेली, सकाळी भाषण, डोकं दुखतंय. त्यांनी आपलंच औषध घेतलं ते ६०० मिलिग्रॅम, खात्री असावी म्हणून. नंतर ते हसून सांगायचे. शोध लावणाऱ्याची ही तऱ्हा, तर तात्यांना कसली नावं ठेवायची.

एक बारीक मुद्दा प्रामाणिकपणे नोंदवते. डोस वाढवला तर आराम उंच होत नाही, पण थोडा लांबतो. थोडाच. आयबुप्रोफेनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणजे दुप्पट गोळी घेतली तर असर फार तर आणखी दोन तास. तात्यांचा हिशेब होता की एकीला सहा तास, तर दोघींना बारा, रात्रभर झोप. असा सरळ गुणाकार शरीर करत नाही. आणि सांध्याची सूज उतरवायला डॉक्टर कधी जास्त डोस देतात, तो वेगळा हेतू आहे. माझं हे पत्र वाचून कुणी तो परस्पर कमी करू नये.

गिऱ्हाईकाच्या डोक्यात घोळ होतो तो 'पावर' या शब्दानं. "मॅडम, जरा पावरवाली द्या." पावर म्हणजे पाकिटावरचा आकडा. मग पॅरासिटामॉलची ६५० ही ५०० पेक्षा जबरदस्त, आयबुप्रोफेनची ४०० त्यांच्याहून हलकी, आणि चिठ्ठीवर केटोरोलॅक दहाची असेल तर माणूस ती गोळी चिमटीत धरून माझ्याकडे असा बघणार की मी लहान मुलाची दिली. औषध किती लागतं आणि औषध किती करू शकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा फक्त पहिली सांगतो. लवंग एक टाकतात आणि बटाटे चार, म्हणून बटाट्याची चव लवंगेपेक्षा चौपट होत नाही.

सगळ्याच औषधांना असं छत असतं, असं मात्र नाही. आमचं दुकान टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेरगावचे रुग्ण, नातेवाईक फुटपाथवर आठवडे काढणारे, सुया-कापूस-पॅड घ्यायला आमच्याकडे यायचे. यवतमाळकडचा एक मुलगा होता, विशीतला. मी दुसऱ्या कुणाला दोन गोळ्या घेऊ नका म्हणून सांगत होते ते ऐकून त्यानं विचारलं, "मग माह्या मायचं मॉर्फिन दहावरून साठवर कसं नेलं डॉक्टरनं?" चांगला प्रश्न होता, आणि मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मॉर्फिन आम्ही ठेवत नव्हतो, त्याला वेगळा परवाना लागतो. नंतर वाचून काढलं. मॉर्फिनच्या वेदनाशमनाला ४०० सारखं ठरलेलं छत नाही. कॅन्सरचं दुखणं वाढेल तसा डोस पायरीपायरीनं वाढवता येतो. अडवतं ते दुसरंच काही, गुंगी, बद्धकोष्ठ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मंदावणारा श्वास. म्हणून ते डॉक्टरच्या हातातच हवं. त्याच घराण्यातलं ब्युप्रेनॉर्फिन बघा, त्याचा श्वासावरचा परिणाम एका मर्यादेला येऊन थबकतो. तिथं छत माणसाचा जीव वाचवायला मदत करतं. तो मुलगा पुन्हा दिसला नाही. उत्तर माझ्याकडे राहून गेलं.

बीपीवाल्यांचीही एक तक्रार नेहमीची: "एकच गोळी वाढवून द्यायची सोडून डॉक्टरनं दुसरी कशाला चालू केली, कंपनीचं कमिशन असेल." कमिशनवर मी बोलत नाही, शेठच्या दुकानात एकतीस वर्षं पगार घेतलाय. पण २००९ मध्ये ४२ चाचण्यांचे, जवळपास अकरा हजार रुग्णांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटाचं औषध जोडलं तर बीपी साधारण पाचपट जास्त उतरतं असं निघालं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनचंही तसंच: पहिला डोस मोठी उडी मारतो, पुढे दर दुपटीला वाईट कोलेस्टेरॉल जेमतेम आणखी सहा टक्के कमी होतं. आणि कोविडमध्ये व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या लोकांनी डझनानं नेल्या, त्याबद्दल काय सांगू. दिवसाला दोनशे-चारशे मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातली पातळी फारशी वाढत नाही, उरलेलं लघवीतून जातं. त्या दोन वर्षांत मुंबईच्या गटारांना सर्दी झाली नसणार.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

लेबलाचे नियम दिल्लीत ठरतात, मला माहीत आहे. पॅरासिटामॉलच्या पाकिटावर यकृताची सूचना असते, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात, चंदेरी कागदावर, उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. औषध खरं की बनावट ओळखायला तो चांगलाच. तात्यांचा फोन बटणांचा आहे. दुखण्याच्या गोळीवर मराठीत एकच ओळ ठसठशीत छापता येणार नाही का: 'एका वेळी एकच. जास्त घेतल्याने आराम वाढत नाही.' धोक्याची सूचना खाली असू द्या. आधी ही.

ते होईल तेव्हा होईल. माझी खरी विनंती माझ्याच व्यवसायातल्या मुलामुलींना आहे. काउंटरला सुतळीनं बांधलेली कात्री असते ना, तिच्याकडे जरा बघा. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं, आपण कोपऱ्यातल्या चार कापतो. औषधाचं नाव राहतं आपल्याकडच्या तुकड्यावर, तारीखही आपल्याकडे, आणि त्याच्या हातात चार मुके फुगवटे. त्यात काय आहे हे घरी कुणाला कळणार? मग तोच माणूस ताप म्हणून वर ६५०ची घेतो, आणि आपण पॅरासिटामॉलवर पॅरासिटामॉल घेतोय याचा त्याला पत्ता नसतो. कापायचं तर नाव त्याच्याकडे जाईल असं कापा, किंवा कागदी पाकिटात घालून बॉलपेननं लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी आम्ही पाकिटामागे रेघा मारायचो, सकाळची एक, रात्रीची एक. तात्यांच्या प्रकरणानंतर मी दुखण्याच्या गोळीवर एक मोठा गोल काढून आत '१' लिहायला लागले. कुणी विचारलं तर सांगायची, "याच्यावर घेतलीत तर फुकट जाते."

फुकट जाते. हा शब्द लालबाग-परळमध्ये जेवढा चालतो तेवढा 'दुष्परिणाम' कधी चालला नाही. बायका तर लगेच पाकीट परत ठेवायच्या. एकजण म्हणाली, "म्हणजे दोन घेतल्या तर दुसरी वाया? मग मला पाचच द्या." शेठनं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं होतं. गल्ला थोडा कमी भरला असेल. त्यांनी कधी अडवलं नाही, हेही सांगायला हवं.

आणि तेच गिऱ्हाईक आठवड्यात तिसऱ्यांदा तीच गोळी न्यायला आलं, तर मान वर करून विचारा, कशासाठी, किती घेता? दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद मी २०१८ मध्ये वाचवले होते.

तात्यांचा गुडघा अजून दुखतो. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं मांडीच्या स्नायूचे व्यायाम दिलेत, पायाला वाळूची पिशवी बांधून सकाळी गॅलरीत बसून करतात. आयबुप्रोफेन कायमचं बंद. फारच झालं तर डॉक्टरनं सांगितलेली पॅरासिटामॉल, एक. परवा मजल्यावरच्या एका तरुणानं पाठदुखीला दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, तर हे आतून ओरडले, "अरे, तिकिटं जास्त फाडली म्हणून बस लवकर पोचत नाही!" माझ्या आलेखाहून हे सोपं आहे. ते वाक्य त्यांचंच आहे, मी इथं उचललंय.

म्हणूनच पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. तात्या आपलं दैनिक शेवटच्या पानापासून वाचायला घेतात. वाचकांच्या पत्रांपर्यंत पोचायला त्यांना अकरा वाजतात, आणि अकराला ते माझ्याकडे बीपी मोजायला येतात.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट
लालबाग, मुंबई